वावराला धुरा लागतो

"खेड्यात दवाखाना टाकला की कोणाला नाही म्हणता येत नाही."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने 'खेड्यात' एवढं म्हटलं तरी पुढचं मला पाठ असतं. सासरच्यांनी म्हणून झालंय, माहेरच्यांनी म्हणून झालंय, नागपूर-पुण्याच्या मैत्रिणींनी फोनवर म्हणून झालंय. कोणी कौतुकाने म्हणतं, कोणी दटावून, कोणी अगदी काळजीपोटी. आणि प्रत्येकाला वाटतं की आपण काहीतरी जग पाहिलेल्या माणसाचं बोललो. तर मंडळी, आज मला हे वाक्य खोडायचं आहे. नुसतं 'मला पटत नाही' म्हणून सोडून द्यायचं नाहीये. ते चूक आहे, आणि कधीकधी त्यापायी माणूस हातचा जातो, असं माझं म्हणणं आहे. जरा मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात ओळख. मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब हे माझं सासर आणि तिथेच माझा दवाखाना. दोन खोल्या, एक व्हरांडा, व्यायामाच्या दोन समांतर दांड्या आणि भिंतीवर दोरी-पुली. गावाजवळून अडाण नदी जाते आणि चहूबाजूंनी कापूस, सोयाबीन, तूर. हा दवाखाना म्हणजे संस्था नाही आणि सरकारी नोकरीही नाही. भाडं, विजेचं बिल, मदतीला असलेल्या ताईंचा पगार आणि माझं घर, सगळं त्यातूनच चालतं. म्हणजे सरळ सांगायचं तर हा माझा धंदा आहे. (हा शब्द वाचून आमच्या आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडणार हे मला माहीत आहे. आत्याबाई, पुढे वाचा तर खरं.)

विदर्भाबाहेरच्यांसाठी आणखी एक खुलासा. आमच्याकडे वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. धुऱ्यावरून आमच्याकडे भावाभावांत कोर्टकज्जे होतात, डोकी फुटतात. पण म्हणून धुराच नको असं कोणी शेतकरी म्हणत नाही. धुरा असतो म्हणून पावसाचं पाणी थांबतं, माती टिकते, आणि कोणतं तण कोणी काढायचं ते कळतं. धुरा नसलेलं वावर सगळ्यांचं होतं, म्हणजे कोणाचंच राहत नाही. मग तिथे ढोरं चरतात.

आता माझ्या वावराबद्दल.

दवाखाना सुरू करताना पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, "मॅडम, खाली काय काय लिहू?" त्याचा प्रश्न बरोबर होता. तालुक्याच्या गावात पाट्या बघा. संधिवात, मणका, लकवा, मधुमेह, वंध्यत्व, केसगळती, लठ्ठपणा, मुळव्याध... बारा-बारा ओळी. जितक्या ओळी तितका डॉक्टर मोठा, असा हिशेब. मी त्याला एकच ओळ सांगितली: 'कंबर, मान, खांदा, गुडघा आणि लकव्यानंतरचा व्यायाम.' तो म्हणाला, "एवढंच? मग पोट कसं भरणार?"

ही ओळ मी काही पुण्यातल्या कोणत्या मार्गदर्शन शिबिरातून आणली नव्हती. घरी बसून मी नुसतं आमचं शेतीचं वर्ष वहीत मांडलं होतं. जून-जुलैत निंदण-डवरणी, म्हणजे दिवसभर ओणवं. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी, म्हणजे पाठीवर सोळा लिटरचा पंप, पाण्यासकट वीसेक किलो, आणि एका हाताने सतत दांडा मारणं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुन्हा ओणवं. दिवाळीपासून कापसाची वेचणी. वेचणी बहुतेक बायाच करतात आणि मजुरी किलोवर, त्यामुळे थांबेल तिचं नुकसान. ओटी भरत जाते, वजन पुढे ओढतं, आणि कंबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली. अशी बाई रात्री घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसते. तिला सांगायला आमच्या पुस्तकांत काय असतं? खुर्चीत ताठ बसा, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवा!

म्हणून माझं काम ठरलं. ओटी गच्च भरायच्या आत रिकामी करायची. प्रत्येक तास संपला की, म्हणजे ओळ संपली की, उभं राहून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचं. वाकताना पाठीची कमान करण्यापेक्षा गुडघे थोडे सोडून खुब्यातून वाकायचं. भरलेला पंप जमिनीवरून उचलायचा नाही, धुऱ्यावर ठेवायचा आणि तिथून पाठीला लावायचा. दोन्ही पट्टे सारखे आवळायचे. यात यंत्र नाही की गोळी नाही. पण हे सांगायला त्या बाईचं काम माहीत लागतं, आणि ते रोज बघून बघूनच कळतं. एकच काम धरून बसल्याचा फायदा हा असा असतो.

पोट भरतं का? भरतं. श्रीमंत झाले नाही, पण भाडं कधी थकलं नाही.

आता माझ्या विरोधकांकडे येते. ते दोन प्रकारचे आहेत आणि दोघांना वाटतं की आपण एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहोत.

पहिले व्यवहारी लोक. यांचं म्हणणं, "पेशंट दारात येतोच आहे, मग त्याला रिकाम्या हाताने कशाला पाठवतेस?" दवाखान्यात प्रोटीनची पावडर ठेव, सांध्यांचं तेल ठेव, चुंबकाचा पट्टा ठेव. वजन कमी करायचं यंत्र हप्त्यावर मिळतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कट. कंबर दुखणारा प्रत्येक जण एमआरआयला पाठवायचा, महिन्याच्या शेवटी पाकीट येतं. मला हे समजावून सांगायला एक गृहस्थ घरी आले होते. अगदी प्रेमाने, तक्ता काढून दाखवला. त्या तक्त्यात माझ्या नावापुढे आकडे होते, पण ज्याच्या खिशातून ते जाणार त्याचं नाव कुठेच नव्हतं.

या लोकांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगते. हा माणूस मूळचा जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, गरिबीतून वर आलेला, एमबीबीएस आमच्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून. १९७६ पासून ते रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, लहान लेकरं जात होती. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसांत पाणी भरायचं आणि खेळ खलास. त्यावर नेमकं काय करायचं ते पुस्तकांत नव्हतं. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या दंशासाठी वापरात आणलं आणि गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण, जे चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते एका टक्क्यावर आलं. जगभरात आज विंचूदंशाचा विषय निघाला की महाडचं नाव निघतं.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. विंचवावरचं प्रतिविष उपलब्ध झालं तेव्हा त्यांनी आपल्याच लाडक्या औषधाची परीक्षा घेतली. महाडमध्येच ७० रुग्णांवर तुलना केली: एका गटाला नुसतं प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि सोबत प्रतिविष. दोन्ही मिळून दिलेले रुग्ण लवकर बरे झाले, आणि २०११च्या सुरुवातीला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी तसं छापलं. ज्याने आपला कोपरा नीट ओळखलाय त्याला 'माझ्या औषधापेक्षा हे बरं' असं म्हणायला जड जात नाही.

आणि कट? २०१३ साली त्यांनी पाठवलेल्या एका रुग्णाच्या एमआरआयबद्दल निदान केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. १२०० रुपये! कोणी म्हणेल एवढ्याशा रकमेसाठी एवढा गाजावाजा कशाला. पण डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतच असा मोबदला घ्यायला मनाई आहे, आणि तरी तो राजरोस चालतो, कारण प्रत्येकाला वाटतं की एवढ्याशाने काय होतंय. धुरा एका रात्रीत कोणी नांगरत नाही. दरवर्षी एक-एक तास सरकवतात. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा विंचवाबद्दल भरभरून लिहून आलं. मला मात्र तो धनादेश आठवत होता.

आता दुसरे विरोधक. सेवावाले. यात आमचे निम्मे नातेवाईक मोडतात, म्हणून जरा जपून लिहिते. (तसंही यांपैकी बरेच जण हे वाचणार आहेत.)

यांचं म्हणणं, आरोग्य म्हणजे सेवा, सेवेला वेळ नसते, सेवेला पैसा नसतो आणि सेवेला धुरा नसतो. उदाहरण ठरलेलं: मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. "ते बघ, पहिल्या वेळेला दोन रुपये, पुढच्या वेळेला एक रुपया! आणि तू दीडशे घेतेस."

कोल्हे दांपत्याबद्दल मला अपार आदर आहे. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले होते. पण माझ्या नातेवाईकांनी त्यांच्या गोष्टीतला फक्त रुपया उचललाय. त्या गोष्टीचा पहिला भाग ते सांगतच नाहीत. रवींद्र कोल्हे मेळघाटात जायच्या आधी त्यांना सांगण्यात आलं होतं की अशा ठिकाणी राहायचं तर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण करणं, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखून उपचार करणं आणि अतिसार आटोक्यात आणणं. त्यासाठी मुंबईत जाऊन सहा महिने ते या गोष्टी शिकले. म्हणजे बघा, सगळं करायला निघालेला माणूससुद्धा आधी 'माझी तीन कामं कोणती' ते ठरवून गेला. आणि ते दोघं शेतीही करत. माझं घर मात्र पेशंटच्या फीवरच चालतं. हे लपवण्यात मला काही पुण्य दिसत नाही.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं, सेवाग्रामचं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांनी १९८०च्या आसपास ज्वारीची योजना सुरू केली. गावकऱ्यांनी सुगीला ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात वर्षभर उपचाराची हमी. भूमिहीनाने थोडी द्यायची, वावरवाल्याने वावराच्या हिशेबाने जास्त. ऐकायला किती गोड! पण तिच्या अटी बघा. गावातल्या मोठ्या हिश्श्याने भाग घेतला तरच त्या गावाला योजना लागू. दोन-चार घरांनी येऊन आम्हाला घ्या म्हणायचं नाही. आणि अचानक आलेलं आजारपण असेल तर रुग्णालयातला उपचार मोफत, पण जे आधीपासून माहीत असतं, बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, त्याचा थोडा भार घरच्यांनी उचलायचा. का? तर त्याची तयारी करता येते. गरिबांसाठीच आखलेल्या योजनेत असा काटेकोर धुरा होता. गांधीजींच्या सेवाग्रामात! तिथे 'नाही' चालतं आणि बोरीत चालत नाही?

माझं म्हणणं असं की हे व्यवहारी आणि हे सेवाभावी, दोघंही एकच मागतात. शटर नसलेलं दुकान. एकाला त्यातून सगळं विकायचंय, दुसऱ्याला त्यातून सगळं फुकट हवंय. आत बसलेल्या बाईला काय येतं आणि काय येत नाही, हा प्रश्न दोघंही विचारत नाहीत.

आणि माझ्यासाठी तोच प्रश्न जीवनमरणाचा आहे.

मागच्या हिवाळ्यात रात्री साडेआठच्या सुमाराला नात्यातल्या एका घरून फोन आला. "वैनी, बाबाजीचा उजवा हात बधिर झाला, बोलनंबी लडबडते. तुम्ही लकव्याचंच करता ना? या ना जरा, मालिश करून द्या." घर चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "मी येत नाही. त्यांना खायला-प्यायला काही देऊ नका, ताबडतोब १०८ला फोन लावा, नाहीतर गाडी काढा आणि सरळ यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्या. हात कधीपासून बधिर आहे ती वेळ कागदावर लिहा आणि तो कागद तिथे दाखवा." पलीकडे शांतता. मग, "बाप्पा, दहा मिनिटं येऊन पाह्यलं असतं तं काय झालं असतं?"

काय झालं असतं ते सांगते. मी गेले असते तर सगळे माझी वाट बघत बसले असते. मी आले म्हणजे उपचार सुरू झाला असं सगळ्यांनी धरलं असतं. कोणी तेल गरम केलं असतं. 'वैनीने हात लावला, आता सकाळी बघू' असं ठरलं असतं. आणि लकव्यात तेवढीच वेळ नसते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेसुद्धा सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. यातलं एकही काम माझ्या दोन खोल्यांत होत नाही. बोरीहून यवतमाळ गाठायचं, तिथे नंबर लागायचा, स्कॅन व्हायचा... साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात, असतात फार थोडे.

आणि गंमत बघा, माझा स्वतःचा व्यायामसुद्धा त्या वेळी कामाचा नाही. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये अ‍ॅव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, पाच देशांतले २१०४ लकव्याचे रुग्ण. पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवून चालवलं त्या गटाचा परिणाम नेहमीच्या काळजीपेक्षा कमी चांगला आला. म्हणजे लवकर उठवण्याची घाईसुद्धा मोजून करावी लागते. माझं काम नंतर सुरू होतं आणि मग महिनोन्‌महिने चालतं. तेव्हा मी रोज दारात हजर असते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

बाबाजी वेळेत पोहोचले. गुठळीच होती. आज ते काठी घेऊन पारापर्यंत जातात, आणि त्यांचा व्यायाम मीच घेतला. तरी त्या घरी अजून बोललं जातं की वैनी दहा मिनिटांवरून आल्या नाहीत. बोलू देत. मी तेव्हा गेले नाही हेच मी त्यांच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम होतं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणेन.

दुसरं, फवारणीचं. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ते वर्ष इथे कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत कोणी खांदा धरून माझ्याकडे आला तर मी आधी खांद्याला हात लावत नाही. धूसर दिसतं का, मळमळ आहे का, लाळ सुटते का, घाम फुटलाय का, दम लागतो का, हे विचारते आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघते. यातलं काही असलं की खांदा राहिला बाजूला, अंगावरचे कपडे काढून अंग धुवायला लावायचं, औषधाचा डबा सोबत द्यायचा आणि रवानगी सरकारी दवाखान्यात. कंबरेचंही तसंच. लघवीवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला, महिनाभर ताप आणि वजन उतरतंय (मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे काही दुर्मीळ नाही), की माझा व्यायाम बंद. ही यादी मी भिंतीवर मराठीत लावली आहे. पेशंटनेच मला विचारावं म्हणून.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावामागे 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. तेव्हा मला बरेच फोन आले, "आता तुझं कसं?" माझं काय व्हायचंय! माझी हद्द नावामागच्या अक्षराने ठरत नाही, भिंतीवरच्या त्या यादीने ठरते. 'डॉ.' लावून लकव्याला तेल चोळत बसले तर ते अक्षर कोणाला वाचवणार आहे?

आता एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. एका मावशीने विचारलं होतं, "पोरी, तू नाही म्हनते, तुले सोपं आहे. पन ज्याच्यापाशी गाडी नाही, पैसा नाही, तो तुह्या नाहीचं काय करन?" बरोबर आहे. शहरात एकाने नाही म्हटलं तर शेजारच्या गल्लीत दुसरा असतो. इथे माझ्या 'नाही'नंतर कधीकधी नुसता रस्ता असतो.

म्हणून माझा नियम असा, की नुसतं नाही म्हणायचं नाही. त्याच्यासोबत पत्ता द्यायचा. कुठे जायचं, कोणत्या विभागात, सोबत कोणते कागद, काय विचारायचं, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं. १०८ची गाडी २०१४ पासून राज्यभर फुकट आहे, तो नंबर दारावर मोठ्या आकड्यात रंगवायचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी फोन करून पोहोचलात का ते विचारायचं. हे करायला माझा वेळ जातो आणि त्याचे पैसे मी घेत नाही. सेवा म्हणायचीच असेल तर याला म्हणा.

आणि खरंच आसपास कोणीच नसेल तर? तर धुरा सरकवावा लागतो, पण शिकून. कोल्हे सहा महिने शिकून मग गेले. बावस्करांनी वर्षानुवर्षं नोंदी केल्या. दया आली म्हणून, आत्याबाई रुसल्या म्हणून किंवा तक्त्यात आकडा दिसला म्हणून नवं काम अंगावर घ्यायचं नसतं. मीही गेल्या दोन वर्षांत एक काम वाढवलं आहे: बाळंतपणानंतर बायकांना लघवी न थांबण्याचा त्रास होतो, त्यावरचे व्यायाम. वेचणीला येणाऱ्या बाया कुजबुजत विचारायच्या. त्यासाठी मी आधी नागपूरला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि मगच पाटीवर ओळ चढवली.

तेव्हा नातेवाईकहो आणि मित्रमैत्रिणींनो, माझे धुरे एकदा मोकळेपणी सांगते, म्हणजे गैरसमज नको. फोनवर, व्हॉट्सॲपवर एक्स-रेचा फोटो पाठवून मी उपचार सांगणार नाही. हात लावून तपासल्याशिवाय मला कळत नाही. मी औषध, पावडर, तेल, पट्टा काही विकणार नाही. कोणत्याही केंद्राचं पाकीट घेणार नाही. फी भिंतीवर लिहिलेली आहे, ती पाहुण्यालाही तीच. ज्याच्यापाशी खरंच नाही त्याच्याकडून मी घेत नाही, पण ते मी आणि तो ठरवू, मधल्या माणसाने 'आपलाच आहे' म्हणून ठरवायचं नाही. संध्याकाळी सातनंतर दवाखाना बंद, कारण मलाही पाठ आहे आणि घरात एक पोर आहे जिला आई लागते. आणि जीव धोक्यात असेल तर कितीही वाजता फोन करा, मी उचलेन. पण तेव्हा 'या' असं म्हणू नका. मी 'जा' म्हणेन, आणि तुम्ही निघायचं.

असो. हे वाचून जो रुसेल त्याने खुशाल रुसावं. दिवाळीच्या फराळाला मी त्याच्याही घरी जाणारच आहे. फक्त तिथे चिवडा खाताना गुडघा पुढे करून 'जरा बघ ना' म्हणू नका. सोमवारी सकाळी नऊला या. नंबर लावावा लागेल.